कापसाचा बोळा

तिसरा ठोसा जबड्यावर बसला, तेव्हा ठोकळ्याला तो कानांनी नव्हे, हाडांतून ऐकू आला. ओल्या फळीला आतल्या आत चीर जावी तसा. त्याचे दोन्ही हात मागे पिरगाळून धरलेले होते. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत त्याने एका किटलीतला चहा प्यायला होता, तीच माणसे समोर होती आणि पाळीपाळीने मारत होती.

"खाली पडू देऊ नका त्याला! उभा ठेवा, उभा ठेवून हाणा!"

"सकाळीच ढोसून आलास, हरामखोरा? पोराचा हात खाल्लास!"

"हात नाही, बोटं," मागून कुणीतरी दुरुस्ती केली.

"तू गप रे! मोजायला ठेवलाय का तुला?" असे म्हणून त्या दुरुस्ती करणाऱ्यालाही एक धक्का देण्यात आला.

लाकडाच्या गिरणीत रक्त फार वेळ लाल राहत नाही. भुसा ते पिऊन टाकतो, आणि थोड्याच वेळात तिथे नुसता ओला, तपकिरी डाग उरतो. करवतीच्या पलीकडच्या अंगाला तसा डाग होता. ज्याच्या हाताचे ते रक्त, त्या ठोकळ्याच्या मेहुण्याला नुकतेच टेम्पोत घालून इस्पितळाकडे नेले होते. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा जागेवर राहिला होता.

पुढचा तडाखा कानशिलावर बसला आणि ठोकळ्याच्या उजव्या कानातून कापसाचा बोळा निसटून भुशात पडला. कुणाच्या तरी बुटाखाली तो गेला, चिरडला आणि दिसेनासा झाला. तो पडताना पाहणारा माणूस एकच होता, आणि तो मार खात होता.

एवढ्यात मुकादम धावत आला. ओंडके मोजायची काठी त्याने मारणाऱ्यांच्याच पाठीवर चालवली. "सोडा! मेला तर पोलिसांना चहा कोण पाजणार, तुमचा बाप?" मग त्याने ठोकळ्याची हनुवटी धरली. "आ कर. श्वास सोड." त्याने हुंगले, पुन्हा हुंगले. या विषयातला त्याचा अधिकार सर्वमान्य होता. "वास नाही," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

"गोळी घेतली असेल!"

"अरे, नीट उभंही राहता येत नाही त्याला. बघा ना, डुलतोय अजून!"

आणि ते खरे होते. करवत रिकामीच फिरत होती, तरी ठोकळ्याच्या पायांखालची जमीन एका बाजूला कलंडत होती.

ठोकळा हे नाव त्याला गिरणीनेच दिले होते, आणि ते चेष्टेचे नव्हते. पट्टा-करवतीवर दोन माणसे लागतात. एक मागून ओंडका रेटतो. दुसरा पलीकडून कापलेली फळी ओढून घेतो. रेटणाऱ्याचे सारे कसब हलण्यात नसून न हलण्यात असते. त्याचा पाय सरकला, खांदा डगमगला, तर ओंडका वाकडा जातो आणि पात्याला धक्का बसतो. ठोकळा वर्षानुवर्षे तिथे उभा होता, आणि जमिनीत रोवलेला खांबही त्याच्यापेक्षा जास्त हलत असेल, अशी ख्याती त्याने मिळवली होती. पलीकडे ओढायला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आला, तेव्हा बायको निर्धास्त झाली होती. नवराच रेटणारा असल्यावर भावाच्या हाताला धोका कसला?

गिरणीचा एक नियम होता. पाते आणि फळी यांच्यामध्ये चिरफळी अडकली की ओढणाऱ्याने 'थांब' असे ओरडायचे, रेटणाऱ्याने तत्क्षणी रेटणे सोडायचे, आणि मगच ओढणाऱ्याने हात घालायचा. त्याच नियमाचे दुसरे अंग असे की करवतीवर कुणी कानात काही घालायचे नाही. बाकीच्या जगात कान झाकणे हा शहाणपणा असेल. इथे तो गुन्हा होता. पाते तुटण्यापूर्वी सूर बदलते, आणि माणूस कापला जाण्यापूर्वी ओरडतो. दोन्ही ऐकायला कान उघडे हवेत.

वर्षापूर्वी ठोकळ्याच्या डोक्यात काहीतरी सुरू झाले. घास चावला की डोक्यात गिट्टी फुटल्यासारखा आवाज होई. टाच टेकली की ठोका पडे. स्वतःचा शब्द घागरीत बोलल्यासारखा घुमे. आणि सर्वांत विचित्र म्हणजे, डोळे एका बाजूकडून दुसरीकडे वळवले की त्यांचे वळणे त्याला ऐकू येई. पुढे करवतीनेच त्याच्याशी वैर धरले. पाते साध्या लाकडात असले तर ठीक. पण लाकडातली गाठ लागली आणि सूर चढत चढत किंकाळीवर गेला, की छप्पर, दिवे, ओंडका सगळे क्षणभर तिरपे फिरे. तो दात खाऊन उभा राही. गाठ संपली की जग पुन्हा सरळ होई. मग एके दिवशी त्याने कापसाचे दोन बोळे केले, केसांखाली दिसणार नाहीत इतके आत सारले, आणि कामावर गेला.

त्याने कुणाला सांगितले का नाही, हा प्रश्न वाचकाने विचारावा. तो रास्त आहे. पण विचारताना एवढे ध्यानात घ्यावे की ज्याची सारी किंमत न हलण्यात आहे, त्याने 'मी हलतो' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? याने त्याचा दोष नाहीसा होत नाही. फक्त तो दोष कोणत्या आकाराचा आहे, ते कळते.

मालकाने त्याला त्याच इस्पितळात पाठवले, रक्त तपासायला. डाव्या कानातला बोळा त्याने वाटेतच काढून फेकला. रक्तात दारूचा अंश नव्हता. सुजलेला जबडा पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला तो सहज बोलून गेला की डोळे वळवले की आवाज होतो. शिकाऊ डॉक्टर हसला. पण हसून झाल्यावर त्याला काहीतरी आठवले, आणि त्याने कानाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले.

"कसला आवाज होतो?" बाई हसल्या नाहीत.

"खर्रर. पॉलिश पेपर घासावा तसा."

"किती दिवस?"

"वर्ष होऊन गेलं."

"कुणाला सांगितलंत?"

"काय सांगू? डोळे वाजतात म्हणून? वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं असतं."

बाईंनी त्याच्या कानांवर यंत्र चढवले, समोर दिवा धरला आणि एक उंच सूर सोडला. दिवा, बाई, भिंत एकदम कलंडली. त्याने टेबल धरले, ते टेबल घेऊनच तो आडवा झाला, आणि काचेच्या बाटल्या फुटल्या. बाईंनी मात्र दिवा हलू दिला नव्हता. सूर वाजता क्षणी त्याची दोन्ही बुबुळे वर सरकून तिरपी फिरलेली त्यांनी पाहिली होती.

"हे कुणाला खोटं करता येत नाही," त्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. "बघून ठेव."

डोक्याचा स्कॅन झाला. संध्याकाळी बाईंनी त्याला समोर बसवले. "आतल्या कानात हाडाच्या तीन बारीक नळ्या असतात, अर्धगोल. आत पाणी असतं. डोकं कललं की पाणी हलतं आणि शरीराला तोल कळतो. चहूकडून हाड घट्ट असतं, म्हणून आवाज त्या पाण्याला ढवळत नाही. तुमच्या वरच्या नळीवर, उजव्या बाजूला, हाडच नाही. छप्पर उडालंय म्हणा. मोठा आवाज झाला की पाणी हलतं, आणि सरळ उभ्या माणसाला वाटतं आपण पडतोय."

"मग पडतो."

"मग पडतो. शस्त्रक्रिया आहे, भोक बुजवता येतं. पण कधी त्यात ऐकू येणं जातं. सावकाश ठरवू. करवत मात्र आजपासून बंद."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला. "बाई, कापूस घातला तर?"

"कापसानं ती करवत कुठली थांबायला? ती हातापायांच्या हाडांतूनही वर चढते. कापसानं थांबतं ते माणसाचं बोलणं." बाईंनी वर पाहिले. "घालत होतात?"

तो दार ओढून घेऊन बाहेर पडला.

बाहेर सायकलींच्या आडोशाला मुकादम वाट पाहत होता. सगळे ऐकून त्याने तोंडातली काडी थुंकली.

"हे बघ ठोकळ्या, तू प्यायला होतास."

"रक्तात काही निघालं नाही."

"मालक रक्त वाचतो का? मी सांगतो ते वाचतो. तू प्यायला होतास. दोन दिवस शिव्या खाशील, महिनाभर घरी बसशील, शपथ घेशील, की परत करवतीवर. मला नाही का घेतलं? एकदा नाही, दोनदा! दारुड्याला सुधारायची सोय असते रे. डोक्यात भोक असलेल्याला काय असतं? आणि सांगशील त्याला हसतील ते वेगळंच. 'ठोकळ्याला भोक पडलं!' वर्षभर पुरेल गिरणीला."

मुकादमाचे बोलणे अडाण्याचे वाटेल. ते तसे नव्हते. दारू प्यालेल्या माणसाने अपराध केलेला असतो, आणि अपराधाला शिक्षा असते, म्हणून शेवटही असतो. आजाराला शिक्षा नाही. त्यामुळे त्यातून सुटकाही नाही. लोक व्यसनी माणसाला पुन्हा पंगतीत घेतात आणि तोल गेलेल्याला दूर बसवतात, यात दुष्टपणापेक्षा हिशेब अधिक आहे. परंतु मुकादमाला कापसाची गोष्ट माहीत नव्हती.

घरी बायको मोरीत बसून भावाचा सदरा घासत होती. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. ठोकळ्याने उभ्या उभ्याच सांगितले: हाड, नळी, पाणी, करवत बंद, मुकादमाचा सल्ला. कापूस तेवढा त्याने गाळला.

"म्हणजे डोकं बिघडलंय?"

"डोकं नाही गं. हाड."

"मग मुकादम म्हणतात तसं प्यायलो म्हणा की!"

"तुला तरी माहीत आहे, मी थेंब घेत नाही."

"मला माहीत असून काय उपयोग?" ती उभी राहिली. हात फेसाने भरलेले होते. "माझ्या भावाला उद्यापासून घास कोण भरवणार? तुम्ही भरवणार? कामावरून काढलेला माणूस? मला माहीत आहे म्हणे! अहो, वर्षभर डोक्यात करवत घेऊन माझ्या शेजारी झोपलात, आणि मला काय माहीत होतं?"

तिने शेजारचे रिकामे पातेले उचलले आणि फेकले. त्याच्या अंगावर नव्हे, फरशीवर. ते आदळले, उसळले, पुन्हा आदळले. त्या खणखणाटासरशी ठोकळा, कुणी पायांखालची सतरंजी ओढावी तसा उभाच्या उभा फिरला, आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून खाली कोसळला.

पातेले गरगरत राहिले होते. तिने झडप घालून ते हाताखाली दाबले. मग ती त्याच्यावर वाकली, आणि तिने त्याचे डोळे पाहिले. ते तिच्याकडे पाहत नव्हते. आपल्या आपण, झटके देत, तिरपे फिरत होते. भुवईतून रक्त येत होते. हाताशी दुसरे काही नव्हते. भावाच्या ओल्या सदऱ्यानेच तिने ते पुसले.

"लागलं का फार?"

"नाही."

"तरी प्यायलो म्हणा," ती अगदी हळू, त्याच्या कानाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वॉर्डात गेला. मेहुण्याचा हात पट्ट्यांत गुंडाळून सलाईनच्या दांडीला वर टांगला होता. कॉटशेजारी मालक फळांची पिशवी धरून उभा होता आणि ती कुठे ठेवावी हे त्याला ठरवता येत नव्हते. मुकादम भिंतीला टेकला होता.

"ये," मालक म्हणाला. "बरं झालं आलास. मी काही राक्षस नाही. एकदा तोंडानं कबूल कर. प्यायला होतास ना? महिनाभर घरी बस, डोकं ताळ्यावर आण, आणि ये. त्या जागेवर दुसरा कुणी मला पटत नाही."

मुकादमाने अर्थपूर्ण खाकरून घेतले. ठोकळ्याने तोंड उघडले. 'हो' म्हणायला त्याला एवढाच वेळ लागणार होता.

"दाजी," मेहुणा मध्येच म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "ते राहू द्या. आधी मला एक सांगा. मी ओरडलो होतो का?"

"अरे, त्याला काय विचारतोस? शुद्धीत होता का तो?" मुकादम म्हणाला.

"मला आठवतंय, मी 'थांब' म्हणालो. चिरफळी अडकली होती, म्हणून मी ओरडलो, आणि मगच हात घातला. पण ऐकलं म्हणणारा एकजण नाही. सगळे म्हणतात, घाई केलीस, न ओरडता हात घातलास. कालपासून मी हेच करतोय, दाजी. डोळे मिटतो आणि आठवतो. कधी ओरडल्यासारखं वाटतं, कधी नाही वाटत. उद्यापासून या हाताकडे बघून मी जन्मभर हेच विचारत बसू का?"

खाटेवरच्या माणसाला उत्तर देऊ शकेल असा माणूस जगात एकच होता. तो प्यायलेला ठरला, तर ते उत्तर कायमचे बुडणार होते. कारण प्यायलेल्या माणसाची साक्ष कुणी धरत नाही, मेहुण्यानेही धरली नसती.

"ओरडलास," ठोकळा म्हणाला.

"ऐकलंत तुम्ही?"

"नाही. तुझं तोंड उघडलेलं पाहिलं. पुरतं उघडलेलं. मी प्यायलो नव्हतो, धाकट्या. माझ्या कानाचं हाड गेलंय. गाठ लागली की मला भोवंड येते. म्हणून मी कानात कापूस घालत होतो. तू ओरडलास, मला तोंड दिसलं, आवाज आला नाही. काय म्हणतोस ते कळेपर्यंत पात्याला गाठ लागली आणि मी ओंडक्यावर पडलो. माझ्या वजनानं ओंडका पुढे गेला."

मालकाच्या हातातली पिशवी खाली टेकली. मेहुण्याच्या चेहऱ्यावर जे आले ते समाधानच होते. ते फार थोडा वेळ टिकले.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"कापूस? उन्हाळ्यापासून."

"म्हणजे रोज. रोज मी ओरडत होतो, आणि तुम्ही..."

"तुझे ओठ बघून थांबत होतो. त्या दिवसापर्यंत चुकलो नव्हतो."

मेहुण्याने डाव्या हाताने शेजारचा पाण्याने भरलेला स्टीलचा जग उचलला आणि होते नव्हते ते बळ लावून ठोकळ्याच्या तोंडावर मारला. दुसरा वार उठून बसून केला. सलाईनची सुई उपसली गेली, दांडी कोसळली, टांगलेला हात खाली आदळला, आणि त्या वेदनेने किंचाळतच त्याने तिसरा मारला. "प्यायला असतास तर माफ केलं असतं! दारुड्याला कळत नसतं! तुला कळत होतं!" आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीच्या नवऱ्याला एकेरीत बोलत होता. "तुला कळत होतं! रोज कळत होतं!"

ठोकळ्याने हात वर केले नाहीत. स्टीलच्या प्रत्येक खणखणाटाबरोबर वॉर्ड उलटापालटा होत होता. कोणती फरशी आणि कोणती भिंत, हे त्याला सांगता आले नसते. तो खाटेची कड धरून राहिला, म्हणजे मार चुकणार नाही इतक्या जवळ. परिचारिका आणि मुकादम यांनी मिळून शेवटी मेहुण्याला आवरले. स्टीलच्या त्या जगाला जबड्याएवढा खोल पोचा पडला होता.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाला. त्याने पिशवी पुन्हा उचलली होती.

"मूर्ख," मुकादम दाराशी पुटपुटला. ते शिवीसारखे वाटत नव्हते.

हिवाळ्यात ठोकळा गिरणीच्या फाटकाबाहेरून भुशाची पोती न्यायला लागला. हातगाडी भाड्याची होती. शस्त्रक्रियेचे अजून ठरत नव्हते. एका कानाची किंमत देऊन तोल विकत घ्यावा की नाही, यावर नवराबायको रोज भांडत. मेहुण्याला मालकाने फाटकावर बसवले होते. तो डाव्या हाताने अडसर काढी, पोती मोजून बाहेर ढकली, आणि ठोकळ्याच्या डोक्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे बघे. भाऊ बहिणीकडे जेवायला येई तेव्हा ठोकळा बाहेर जाई. त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता.

एका सकाळी तो भरलेली गाडी वळवून निघाला होता, आणि आत करवतीचा सूर चढायला लागला. लाकूड जुने, गाठाळ असावे. ठोकळ्याने गाडीचे दांडे खाली टेकवले. मग त्याने गुडघे वाकवले, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि रस्त्याच्या मधोमध नीट मांडी घालून बसला. कुणी पाहुण्याने बैठकीवर बसावे तसा, घाई न करता. डोळे मिटले. सूर किंकाळीला पोचला तेव्हा त्याचे खांदे एकदा डावीकडे गेले आणि परत आले.

ओंडके घेऊन आलेला एक ट्रक त्याच्या मागे येऊन थबकला. चालक नवा होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय हो, हे काय? सकाळीच पडला का हा?"

फाटकावरचा मेहुणा उठला. ट्रकच्या पायरीवर एक पाय देऊन त्याने खिडकीतून डावा हात आत घातला आणि चालकाचे मनगट, ते स्टिअरिंगच्या मध्यावर पोचण्यापूर्वीच, घट्ट धरले.

"पडला नाही. बसलाय तो," मेहुणा म्हणाला. "हॉर्न वाजवू नकोस."

चालकाने इंजिन बंद केले. आत गाठ अजून संपली नव्हती. तिघेही थांबले.